गॅस बंद असावा

परवा ऑफिसात जेवताना नेहमीची टोळी जमली होती. विषय निघाला कोड रिव्ह्यूचा. आमच्यातल्या एकाला दोन स्पेसच्या जागी चार स्पेस दिसल्या की चैन पडत नाही. त्याने स्वतःच हसत हसत सांगून टाकलं, "मला ना यार, जरा ओसीडीच आहे." सगळे हसले. मीही हसलो. मग एकीने तिच्या मसाल्याच्या डब्यांची लेबलं कशी एका रेषेतच लागतात ते सांगितलं, आणखी एकाने डेस्कटॉपवरच्या आयकॉन्सचं. थोडक्यात, टेबलावर सहा माणसं आणि त्यातल्या चौघांना 'जरा ओसीडी'.

मला खराखुरा होता, म्हणून मी गप्प बसून दहीभात संपवला.

आज शनिवार. म्हटलं, गेली चार वर्षं टाळत आलेला हा विषय एकदाचा लिहूनच टाकू. कुणाला शब्दावरून टोमणा मारायचा म्हणून नाही. त्या विनोदाने माझी दोन-अडीच वर्षं कशी खाल्ली ते सांगायचंय, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे यावर उपचार आहे, त्याला नाव आहे, आणि ते नाव घेऊनच तो मागावा लागतो, हे सांगायचंय.

आधी माझी कर्मकहाणी. पुण्यात नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. कंपनीची बस सकाळी पावणेआठला. मी ती आठवड्यातून तीनदा तरी चुकवायचो. झोपेमुळे नव्हे, गॅसमुळे. आधी शेगडीची बटणं बघायची, मग रेग्युलेटर, मग कुलूप. लिफ्टपर्यंत पोचलो की मनात यायचं, आपण खरंच बघितलं का, की नुसती नजर फिरवली? की परत. मग बटणांना हात लावून मोठ्याने म्हणायला लागलो, "बंद, बंद, बंद, बंद." चार वेळा. मध्ये दुसरा कसला विचार आला तर पहिल्यापासून. पुढे फोनवर फोटो काढायला लागलो. म्हटलं, आता पुरावाच हातात आहे. तर बसमध्ये शंका, की हा फोटो आजचाच ना? तारीख आजचीच. बरं, पण फोटो काढताना हाताचा धक्का लागून बटण फिरलं असलं तर? एकदा फोन भरला म्हणून गॅलरी साफ करायला बसलो, तर गॅसच्या बटणांचे साडेचारशेच्या वर फोटो निघाले. मुलीचे त्याच्या निम्मेही नव्हते.

आणि माझं टेबल म्हणाल तर शुद्ध उकिरडा. कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात. त्यामुळे मला ओसीडी असेल असं एकदाही डोक्यात आलं नाही. ओसीडी म्हणजे टापटिपीची हौस, एवढंच मला मित्रांकडून आणि सिनेमांतून कळलेलं. 'अ‍ॅज गुड अ‍ॅज इट गेट्स' मधला जॅक निकोल्सन फरशीच्या फटी चुकवत चालतो, 'मंक' नावाच्या मालिकेतला डिटेक्टिव्ह सगळं पुसत फिरतो. बघायला मजा येते. मी काही तसा नव्हतो. म्हणजे मी नुसता 'जरा जास्त काळजी करणारा', बस्स.

खरं तर मराठीत याला जुना आणि चपखल शब्द आहे, मंत्रचळ. आमच्या लहानपणी वाड्यात एक काकू होत्या. नळावर तासन्‌तास हात धूत बसायच्या, मध्येच कुणाचा पदर लागला की पुन्हा सुरुवात. बोटांची सालं निघालेली असायची. "त्यांना मंत्रचळ लागलाय" असं म्हणून सगळा वाडा हसायचा, नळावरून भांडणंही व्हायची. शब्द सगळ्यांना माहीत होता, पण त्यांना डॉक्टरकडे न्यावं असं कुणालाही सुचलं नाही. आम्ही पोरं तर मुद्दाम शिवायला जायचो. आठवलं की आजही लाज वाटते.

तर हा मंत्रचळ चालतो कसा? आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. चेक करणारं फंक्शन व्यवस्थित आहे. ते दर वेळी बरोबर उत्तर देतं, की गॅस बंद आहे. पण ज्याने विचारलं त्याला ते उत्तर पटत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतो. लूपमधून बाहेर पडायची अट आहे 'शंभर टक्के खात्री', आणि ती कधीच पुरी होत नाही. दर चकरेला क्षणभर बरं वाटतं, आणि तेवढ्या बरं वाटण्याने मेंदू शिकतो की चेक केलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका जास्त जोरात येते.

यावर नेदरलँड्समध्ये एक भारी प्रयोग झालाय. व्हॅन डेन हौट आणि किंड्ट या दोघांनी २००३ मध्ये तो छापला. त्यांनी कॉम्प्युटरवर चक्क एक गॅसची शेगडी बनवली आणि कसलाही आजार नसलेल्या विद्यार्थ्यांना ती पुन्हा पुन्हा तपासायला लावली. निष्कर्ष काय? शेवटच्या तपासणीत काय पाहिलं ते मुलांना बरोबर सांगता येत होतं, पण आपल्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा उडाला होता. चित्र धूसर झालं होतं. म्हणजे तपासून तपासून खात्री वाढत नाही, उलट घटते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या. कारण मला वाटत होतं, माझी स्मरणशक्ती बिघडलीय म्हणून मी तपासतो. गाडी नेमकी उलट्या दिशेने चालली होती.

आता अवघड भाग.

मुलगी सहा महिन्यांची असताना एका संध्याकाळी तिला घेऊन बाल्कनीत उभा होतो. ती मजेत केस ओढत होती. आणि डोक्यात आलं, हिला खाली टाकली तर? बस्स, एवढंच. एक सेकंद. मी घामाघूम होऊन आत आलो. त्या दिवसापासून बाल्कनीला आतून कडी. मग तिला घेऊन खिडकीजवळ जाणं बंद. मग सुऱ्या वरच्या कप्प्यात. मग तिला एकट्याने आंघोळ घालणं बंद, आणि शेवटी तिला उचलणंच बंद. माझी पाठ दुखतेय, सर्दी झालीय, कॉल आहे... कारणांना तोटा नव्हता. बायकोने एकदा रात्री शांतपणे विचारलं, "तुला मुलगी नको होती का रे?"

मी उत्तर दिलं नाही. काय देणार? 'मला भीती वाटते की मी तिला मारेन' हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं? मला खरंच वाटत होतं की मी आतून कुणीतरी भयंकर माणूस आहे.

तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की असले विचार जवळजवळ सगळ्यांना येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये साध्या, धडधाकट माणसांना विचारलं, तर सुमारे ८० टक्के लोकांनी असे नको असलेले, विचित्र विचार येतात असं सांगितलं. रेल्वे येताना कुणाला ढकललं तर, देवळात शिवी तोंडात आली तर, वगैरे. फरक एवढाच, की बहुतेक माणसं 'काय पण येतं डोक्यात' म्हणून पुढे जातात आणि ओसीडीवाला तिथेच थांबून तपास सुरू करतो, की असा विचार आला म्हणजे मी कसा आहे? ज्या गोष्टीचा जीव तोडून तिटकारा असतो तीच हा आजार नेमकी उचलतो. जो बाप मुलीला हात लावायला घाबरतो, त्याला ती जिवापेक्षा प्यारी असते म्हणूनच.

टेबलावरचा तो विनोद मला खुपतो तो इथे. ओसीडी म्हणजे आवरून ठेवायची आवड, असं एकदा डोक्यात बसलं की असल्या विचारांनी जळणाऱ्या माणसाला आपल्याला काय झालंय ते ओळखताच येत नाही. शंभरात दोन-तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. आमच्या कॅफेटेरियात एका वेळी तीनशे माणसं जेवतात. गणित तुम्हीच करा.

उपचार शोधताना मी काय काय केलं ते थोडक्यात. आईने पत्रिका दाखवली. एका डॉक्टरांनी माझं बोलणं पाच मिनिटं ऐकून झोपेची गोळी लिहून दिली. झोप छान लागली, सकाळी उठून पुन्हा गॅस. मग एक समुपदेशक. माणूस चांगला, मायाळू. त्याच्याकडे मी सहा महिने गेलो. बालपण, वडील, ऑफिसचा ताण असं सगळं बोललो. प्रत्येक भेटीच्या शेवटी तो म्हणायचा, "तुम्ही असं काही करणार नाही, मला खात्री आहे." जिना उतरताना एकदम हलकं वाटायचं. स्कूटर स्टँडवरून काढेपर्यंत शंका, की मी त्याला सगळं नीट सांगितलंय का? काही लपवलं असलं तर त्याची खात्री काय कामाची? थोडक्यात, मी दर आठवड्याला पैसे देऊन तोच गॅस तपासून घेत होतो.

शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीतून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांना कसंबसं बाल्कनीचं सांगितलं. मला वाटलं होतं, आता पोलिसांना फोन करतील. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "नेमकं काय झालं म्हणजे तुमची कायमची खात्री पटेल?" मी बराच वेळ विचार केला. उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आपण खात्रीच्या मागे लागणं सोडू या. आजपासून 'गॅस बंद आहे' म्हणायचं नाही. 'गॅस बंद असावा' म्हणायचं."

ही थेरपी म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मराठीत सांगायचं तर भीतीच्या समोर ठरवून उभं राहायचं, आणि नेहमीची सुटका करून घ्यायची नाही. लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचं प्रसिद्ध केलं. हॉस्पिटलात नर्सेसच्या देखरेखीखाली, भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं न्यायचं आणि नेहमीचे 'विधी' करू द्यायचे नाहीत. तोवर हा आजार जवळपास असाध्य समजला जाई. ते दोघेही बरेच सुधारले. आजची पद्धत त्याहून खूप सौम्य आहे, सगळं रुग्णाच्या संमतीने, पायरी पायरीने.

माझी शिडी अशी होती. भीतीला शून्य ते शंभर मार्क द्यायचे. तिशीतली पायरी : कुलूप एकदाच लावायचं आणि मागे न बघता लिफ्ट. चाळिशीतली : सगळे फोटो डिलीट. साठीतली : चहा करून गॅस बंद करताना मुद्दाम दुसरीकडे बघायचं आणि लगेच बाहेर पडायचं. नव्वदीतली : मुलीला कडेवर घेऊन बाल्कनीत. आधी बायको शेजारी, मग ती आतल्या खोलीत, मग ती भाजी आणायला खाली. आणि तिथे उभं राहून 'मी असं करणार नाही, करणार नाही' असा जप करायचा नाही. तोही विधीच. मनातल्या मनात केलेलं तपासणंसुद्धा तपासणंच असतं, हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी मागे न बघता बसमध्ये बसलो आणि पोटात जो गोळा आला म्हणता! नळ स्टॉपपासून हिंजवडीपर्यंत डोळ्यांसमोर आगीचे बंब. उलटी येईल असं वाटलं. पण पाऊण तासाने काहीही न करता तो गोळा आपसूक उतरला. कुणी खात्री दिली नव्हती, फोटो नव्हता. दुसऱ्या दिवशी तो थोडा लहान होता. मधल्या काळात दोनदा गाडी चांगलीच मागे गेली, एकदा तर गणपतीला गावी निघताना सोलापूर रस्त्यावरून परत फिरलो. मॅडम म्हणाल्या, "होतं असं. उद्या पुन्हा." सोळा भेटी आणि रोजचा तासभराचा गृहपाठ. त्यात भीती जाते असं नाही. भीती असताना आपण बस पकडू शकतो, हे मेंदू शिकतो.

आता गोळ्यांबद्दल, कारण आपल्याकडे एक तर 'गोळ्या नकोच' किंवा 'गोळी द्या, बोलायला वेळ नाही' अशी दोनच टोकं. ओसीडीवर चालणारी औषधं आहेत आणि ती झोपेची नाहीत. क्लोमिप्रामीनला अमेरिकेत १९८९ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. नंतर फ्लुओक्सेटीन, फ्लुव्होक्सामीन, सर्ट्रालीन वगैरे एसएसआरआय गटातली औषधं आली, आणि आज सुरुवात बहुधा त्यांच्यापासूनच होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ओसीडीला डिप्रेशनपेक्षा जास्त डोस लागू शकतो, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे आपल्यात भरपूर आहेत. मीही सोडणार होतो, मळमळ आणि तोंड कोरडं पडण्याला वैतागून. बरं वाटलं तरी एक-दोन वर्षं चालू ठेवतात, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आपल्या मनाने नाही.

गोळी की थेरपी? एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा १२२ रुग्णांवरचा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. बारा आठवड्यांनंतर ईआरपी घेणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांना ठळक फायदा झाला, क्लोमिप्रामीन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांना, दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही एसएसआरआय आणि ईआरपीसह सीबीटी यांनाच पहिल्या फळीत ठेवतात. हे आकडे शंभर नाहीत, हे मलाही दिसतं. काहींना औषध बदलावं लागतं, काहींना दोन्हीचा जोर लावूनही थोडंच बरं वाटतं. पण ६२ आणि ८ यातलं अंतर बघा, आणि मग मी सहा महिने गप्पा मारण्यात घालवले ते बघा.

एक मित्र म्हणाला, "अरे, आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवायचं? हे क्रूर नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण क्रूर काय होतं ते मी पाहिलंय. वर्षभर पोटच्या पोरीला उचलता न येणं क्रूर होतं. बाल्कनीतली ती वीस मिनिटं त्यापुढे काहीच नव्हती.

सगळ्यात कठीण काम मात्र माझ्या वाट्याला नाही, घरच्यांच्या वाट्याला आलं. मी रोज बायकोला विचारायचो, "तू बघितलंस ना गॅसचं?" ती म्हणायची, "हो रे बाबा, बघितलं." तिला वाटायचं आपण मदत करतोय. आई तर साताऱ्याहून फोनवर धीर द्यायची, "अरे, काही होत नाही, देव आहे ना." मॅडमनी दोघींना बोलावून सांगितलं की हे उत्तर देणं थांबवा. आईला ते अजिबात पटलं नाही. पोरगं रडकुंडीला आलंय आणि धीर द्यायचा नाही? शेवटी बायकोनेच वाक्य ठरवलं. मी विचारलं की ती म्हणायची, "तुला त्रास होतोय ते दिसतंय मला. उत्तर देणार नाही. चल, चहा पिऊ." पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर दोनदा ओरडलो. ती ढिम्म. पुढे तिने सांगितलं की ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. माझ्या बरं होण्यात तिचा वाटा किती, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

तर माझं म्हणणं असं. आपण फोन घेताना प्रोसेसर, रॅम, बॅटरी तासभर विचारतो. थेरपिस्टला मात्र काहीच विचारत नाही, कारण तिथे विचारणं उद्धटपणा वाटतो. विचारा. तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? भेटींच्या मधल्या दिवसांत मी काय करायचं? घरच्यांना कधी बोलावणार? पहिल्याचं उत्तर 'आपण आधी मन मोकळं करू, पॉझिटिव्ह विचार करू' असं आलं, तर नमस्कार करून दुसरीकडे जा. बोलणं वाईट नाही, पण या आजारावर ते पुरत नाही. ईआरपी जाणणारी माणसं आपल्याकडे कमीच आहेत, आणि खर्चही आहे. बंगळुरूच्या निम्हान्सला ओसीडीसाठी खास क्लिनिक आहे. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या नंबरवर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायला सांगितलंय, पण माझ्या कंपनीच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे दर आठवड्याचे पैसे खिशातून गेले. एचआरला याबद्दल मेल लिहायचा आहे. ड्राफ्ट तयार आहे, अकरा वेळा वाचलाय. (अकराच. बाराव्यांदा वाचणार नाही :) )

आणि सोमवारी जेवताना कुणी पुन्हा 'जरा ओसीडी' म्हणालं तर मी भाषण देणार नाही. पण मलाही आहे, आणि मला टेबल आवरायची अजिबात हौस नाही, एवढं सांगेन म्हणतो. त्या सहा जणांत एखादा असेल ज्याने घरच्या बाल्कनीला आतून कडी घातलीय.

असो. बरंच लांबलं. मुलगी आता पाच वर्षांची आहे. आज आम्ही सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला चाललोय. दोघी खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतायत. सकाळी चहा मीच केला होता.

गॅस बंद असावा.